विश्लेषण : गुडघेरोपणाची तयारी कशी करावी? घरात चालणे कधी, शेतात जाणे कधी?

नागपूर-भंडारा महामार्गावर, कन्हान नदीच्या काठी वसलेला मौदा हा धानाचा तालुका. जुलै-ऑगस्टमध्ये चिखलाच्या बांधीत तास न् तास वाकून रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, वर्षभर उकिडवे बसून निंदण, चूल आणि धुणे. अशी तीस-चाळीस वर्षे काढलेल्या बायांना साठीच्या आसपास गुडघे त्रास देऊ लागतात. आधी तेल-मालिश, मग मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या, मग सुई, आणि एक दिवस नागपूरचे डॉक्टर एक्स-रे पाहून सांगतात, ‘गुडघा बदलावा लागेल.’ त्यानंतर घरात प्रश्न सुरू होतात. खर्च किती? पुन्हा चालता येईल ना? सहा आठवडे घरी कोण थांबणार? रोवणीला जाता येईल का? शस्त्रक्रिया साधारण दीड-दोन तासांत संपते. पण तिचे फळ मिळणार की नाही, हे बऱ्याच अंशी आधीच्या सहा आठवड्यांवर आणि नंतरच्या तीन महिन्यांवर ठरते.

गुडघ्यात नेमके काय बिघडते?

मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि वाटी मिळून गुडघ्याचा सांधा बनतो. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. यालाच बोलीभाषेत ‘गादी’ म्हणतात. वय, वजन, जुनी दुखापत, आनुवंशिकता आणि वर्षानुवर्षे उकिडवे बसून किंवा ओझे उचलून केलेले काम यांमुळे हा थर झिजतो. मग हाडावर हाड घासू लागते, कडेला हाडाचे काटे वाढतात, पाय बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखा वाकतो. ‘गुडघ्यातले ग्रीस संपले’ असे म्हटले जाते ते याच झिजेला. एकदा गेलेली कूर्चा कोणत्याही चूर्णाने, तेलाने किंवा गोळीने परत येत नाही.

सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो, जिना चढता-उतरताना त्याहूनही अधिक. म्हणूनच वजनाला इतके महत्त्व आहे. झिजलेला गुडघा असलेल्या, वजन जास्त असलेल्या ज्येष्ठांच्या अभ्यासात एक किलो वजन घटले की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो, असे दिसले आहे.

शस्त्रक्रिया कोणाला लागते, कोणाला नाही?

एक्स-रे वाईट दिसतो एवढ्यावरून शस्त्रक्रिया ठरत नाही. अनेकांचा एक्स-रे खराब असतो, पण ते रोज चालतात, कामे करतात. निर्णय माणसाच्या त्रासावर घ्यायचा असतो. रात्री दुखण्याने झोप मोडते, घरापासून बाजारापर्यंत चालता येत नाही, दोन-चार पायऱ्यांनाही आधार लागतो, पाय वाकडा होत चालला आहे आणि व्यायाम, वजन कमी करणे, काठी, डॉक्टरांनी दिलेली औषधे हे सगळे काही महिने नीट करूनही फरक पडलेला नाही. हे सारे असेल आणि एक्स-रेमध्ये सांधा पूर्ण झिजलेला दिसत असेल, तर गुडघेरोपणाचा विचार करायचा.

काहींना संपूर्ण गुडघा बदलण्याची गरज नसते. झीज फक्त आतल्या बाजूला असेल, तर अर्धे गुडघेरोपण करता येते. वय कमी, काम कष्टाचे आणि पाय वाकडा असेल, तर नडगीचे हाड कापून पाय सरळ करण्याची शस्त्रक्रिया हा पर्याय असतो. त्यात स्वतःचा सांधा शाबूत राहतो. म्हणून पन्नाशीच्या आतल्या शेतकऱ्याला कोणी थेट संपूर्ण गुडघेरोपण सुचवले, तर दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाचे मत घेणे शहाणपणाचे.

विदर्भात आणखी एक गोष्ट तपासायला हवी, ती म्हणजे सिकलसेल. या भागात हा रक्तदोष मोठ्या प्रमाणात आढळतो. सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि खुब्यातले दुखणे अनेकदा गुडघ्यात जाणवते. तरुण किंवा मध्यमवयीन रुग्ण गुडघा दुखतो म्हणून आला, तर खुब्याचीही तपासणी आवश्यक ठरते. शिवाय सिकलसेल असेल तर भूल देताना विशेष काळजी घ्यावी लागते, त्यामुळे ही रक्तचाचणी शस्त्रक्रियेआधीच झालेली बरी.

शस्त्रक्रियेत नेमके काय बदलले जाते?

‘गुडघा बदलणे’ या शब्दांमुळे अख्खा गुडघा कापून काढतात असा समज होतो. प्रत्यक्षात झिजलेल्या पृष्ठभागाचा काही मिलिमीटर जाडीचा थर काढून त्यावर धातूचे आवरण बसवले जाते. किडलेल्या दातावर टोपी बसवतात, तसाच हा प्रकार. मांडीच्या हाडाच्या टोकावर बहुधा कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूची टोपी, नडगीवर धातूची तबकडी आणि दोन्हींच्या मध्ये उच्च प्रतीच्या प्लास्टिकची, म्हणजे पॉलिएथिलीनची, चकती. हाडाला हे भाग बहुतेक वेळा ‘बोन सिमेंट’ने चिकटवतात. भूल साधारणपणे कमरेतून दिली जाते. रुग्णाचे स्नायू आणि बाजूचे अस्थिबंध स्वतःचेच राहतात. नव्या सांध्याला चालवायचे काम त्यांनाच करायचे असते, म्हणून व्यायामाला पर्याय नाही.

आजच्या गुडघेरोपणाचा पाया १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमध्ये घातला गेला. तेथे ‘टोटल कॉन्डायलर’ हा कृत्रिम गुडघा विकसित करणाऱ्यांमध्ये जॉन इन्सॉल आणि पीटर वॉकर यांच्यासह मूळचे भारतीय डॉ. चित्तरंजन राणावत होते. महाराष्ट्राला हे नाव वेगळ्या कारणाने माहीत आहे. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजव्या गुडघ्यावर जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. राणावत यांनी शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर महिन्याभराने, जुलै २००१ मध्ये, वाजपेयी आग्रा शिखर परिषदेत यजमान म्हणून उभे होते. तोपर्यंत सर्वसामान्य मराठी घरांना फारशी परिचित नसलेली ही शस्त्रक्रिया त्या दोन वर्षांत घराघरांत चर्चेची झाली.

दोन्ही गुडघे एकाच वेळी करावेत का?

वाजपेयींच्या उदाहरणात दोन शस्त्रक्रियांमध्ये आठ महिन्यांचे अंतर होते. दोन्ही गुडघे एकत्र केले तर भूल एकदाच, रुग्णालयातला मुक्काम एकच आणि घरच्यांची सुट्टीही एकदाच. मजुरी बुडवून सोबत थांबणाऱ्या कुटुंबाला हा मुद्दा मोठा वाटतो. पण रक्तस्राव अधिक होतो, हृदयावर आणि फुप्फुसावर ताण अधिक येतो आणि उभे राहताना आधाराला एकही ‘चांगला’ पाय उरत नाही. वय जास्त, हृदयविकार, अनियंत्रित मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा खूप वजन असेल तर एकेक गुडघा करणे अधिक सुरक्षित. हा निर्णय सोयीवर न घेता भूलतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञांच्या तपासणीनंतर घ्यावा.

खर्च किती आणि योजनेत बसते का?

ऑगस्ट २०१७ पर्यंत कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर कोणतेच बंधन नव्हते. राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने १६ ऑगस्ट २०१७ रोजी कमाल किमती ठरवून दिल्या. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या संचाची सरासरी छापील किंमत तोवर १ लाख ५८ हजार ३२४ रुपये होती, ती जीएसटी वगळून ५४ हजार ७२० रुपयांवर आली. टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमसारख्या विशेष धातूंच्या गुडघ्याची कमाल किंमत ७६ हजार ६००, तर ‘हाय फ्लेक्सिबिलिटी’ गुडघ्याची ५६ हजार ४९० रुपये ठरली. पुन्हा करावयाच्या शस्त्रक्रियेतील गुडघ्यासाठी ती १ लाख १३ हजार ९५० रुपये होती. या नियंत्रणाची मुदत नंतर वेळोवेळी वाढवण्यात आली.

ही मर्यादा फक्त कृत्रिम सांध्याच्या किमतीवर आहे, हे लक्षात घ्यायला हवे. शस्त्रक्रियागृह, डॉक्टरांचे शुल्क, खोली, औषधे आणि फिजिओथेरपी यांचे दर रुग्णालयागणिक बदलतात. त्यामुळे दाखल होण्याआधी लेखी अंदाजपत्रक मागावे. त्यात सांध्याची कंपनी, प्रकार आणि किंमत वेगळी लिहिलेली असावी. बिलावरही ती वेगळी दाखवलेली हवी. सांध्याच्या वेष्टनावरील स्टिकर फाइलमध्ये लावून घ्यावेत आणि जपून ठेवावेत. पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागलीच, तर त्यावरूनच कोणता सांधा बसवला होता हे कळते. ‘रोबोटिक’ शस्त्रक्रियेसाठी अनेक ठिकाणी जादा पैसे घेतले जातात. रोबोमुळे हाडाचा काप अधिक अचूक बसतो, पण त्यामुळे गुडघा अधिक वर्षे टिकतो हे अजून ठामपणे सिद्ध झालेले नाही. रोबो परवडत नाही म्हणून शस्त्रक्रिया लांबवण्याचे कारण नाही.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांची राज्यात एकत्रित अंमलबजावणी होते. १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण लागू झाले. ७० वर्षे व त्यावरील सर्व ज्येष्ठांसाठी, उत्पन्न कितीही असो, २९ ऑक्टोबर २०२४ पासून ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड सुरू झाले. मात्र काही शस्त्रक्रिया योजनेत सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात आणि प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात प्रत्येक शस्त्रक्रिया होतेच असे नाही. म्हणून आपली शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात योजनेत बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्यावे. राज्य योजनेचा मदत क्रमांक १५५३८८ किंवा १८००२३३२२०० आणि आयुष्मान भारतचा १४५५५ आहे. सोबत शिधापत्रिका आणि आधार कार्ड लागते. दोन्हींवरील नाव जुळत नसेल, तर ती दुरुस्ती शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी करून घ्यावी. मौद्याहून सुमारे ३५ किलोमीटरवर असलेल्या नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे ‘मेडिकल’, इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे ‘मेयो’ आणि मिहानमधील ‘एम्स’ ही तीन मोठी सरकारी रुग्णालये आहेत. तेथे अस्थिरोग विभागात आधी दाखवून प्रतीक्षा किती आहे, याची चौकशी करता येते.

शस्त्रक्रियेआधी शरीराची तयारी कशी करायची?

गुडघेरोपणातला सर्वांत मोठा शत्रू जंतुसंसर्ग. तो शंभरात साधारण एक-दोन रुग्णांनाच होतो, पण झाला तर बसवलेला सांधा काढावा लागू शकतो, महिनोन्महिने औषधे घ्यावी लागतात आणि कुटुंब कर्जात जाते. आधीच्या सहा आठवड्यांतली बहुतेक तयारी हा धोका कमी करण्यासाठीच असते.

मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी चाचणी करावी. हा आकडा साडेसात-आठच्या वर असेल, तर बरेच शल्यचिकित्सक आधी साखर आटोक्यात आणायला सांगतात. ती ‘टाळाटाळ’ नसते. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी ते वाढवावे. ग्रामीण स्त्रियांमध्ये रक्तक्षय सर्रास आढळतो आणि महिना-दीड महिन्याच्या उपचाराने शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त चढवण्याची वेळ टळू शकते. किडलेले दात, हिरड्यांतला पू, लघवीचा संसर्ग, पायाच्या बोटांमधल्या चिखल्या, टाचांच्या खोल भेगा, नखुरडे यांतले जंतू रक्तावाटे नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतात. यांवर आधी उपचार व्हायला हवा. चिखलात काम करून आलेल्या पायावर लगेच शस्त्रक्रिया नको, त्वचा पूर्ण भरून येऊ द्यावी.

नागपूर भागात खर्रा खाणारे पुरुष आणि स्त्रियाही बऱ्याच. तंबाखू कोणत्याही स्वरूपात असो, त्यातील निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो. खर्रा, विडी, गुडाखू किमान चार आठवडे आधी बंद करावे आणि जखम भरेपर्यंत तरी पुन्हा सुरू करू नये. एवढे करायचेच आहे, तर ती सवय कायमची सोडण्याची ही चांगली संधी असते.

गुडघ्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतले असेल, तर ते कधी घेतले हे शल्यचिकित्सकाला सांगावे. तीन महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया केल्यास संसर्गाचा धोका वाढतो. वैदू किंवा फिरत्या विक्रेत्याकडून घेतलेल्या ‘सांधेदुखीच्या पुडी’विषयीही सांगायला लाजू नये. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेले आढळते. ते बराच काळ घेऊन अचानक थांबवले, तर शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब कोसळू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांपैकी कोणती चालू ठेवायची, कोणती कधी बंद करायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नये.

व्यायामही आधीच सुरू करायचा. पाठीवर झोपून गुडघा सरळ ठेवत मांडीचा स्नायू आवळायचा, पाच ते दहा सेकंद धरून सोडायचा. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवायचा. प्रत्येक व्यायाम दहा वेळा, दिवसातून तीनदा. खुर्चीतून हातांच्या जोरावर उठण्याचा आणि वॉकर धरून चालण्याचा सराव आधी केलेला असेल, तर शस्त्रक्रियेनंतर दुखत असताना हे सारे नव्याने शिकावे लागत नाही.

घरात काय बदल करावे लागतात?

दाखल होण्याच्या आठवडाभर आधी घराची पाहणी करावी. जमिनीवरचे अंथरूण चालणार नाही. पलंग किंवा दिवाण गुडघ्याच्या उंचीचा हवा. खाली असेल तर पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे पक्के बसवावेत. हात असलेली, न डगमगणारी, उंच बैठकीची खुर्ची हवी. प्लास्टिकची हलकी खुर्ची उठताना मागे सरकते, ती टाळावी.

सर्वांत मोठी अडचण संडासाची. खेड्यांतील बहुतेक शौचालये उकिडवे बसण्याची आहेत आणि अनेक घरांत ती अंगणाच्या टोकाला असतात. भांड्यावर ठेवता येणारी लोखंडी कमोड खुर्ची सर्जिकलच्या दुकानांत मिळते. ती आधी आणून, भांड्यावर ठेवून, डगमगत नाही ना हे पाहून घ्यावे. रात्रीसाठी खोलीतच वेगळी कमोड खुर्ची ठेवली तर अंधारात अंगण ओलांडावे लागत नाही. न्हाणीत रबरी मॅट, भिंतीला पक्का धरबार आणि बसून अंघोळ करण्यासाठी स्टूल असावे. चटया, पायपुसणी, वायर वाटेतून काढाव्यात. उंबऱ्याची उंची पाहावी. वॉकर दारातून जातो ना, हे मोजावे. कोंबड्या, शेळ्या, कुत्रे यांनाही काही आठवडे चालण्याच्या वाटेपासून दूर ठेवावे लागेल.

हंगामही पाहावा लागतो. पावसाळ्यात अंगण निसरडे असते आणि घरची सगळी माणसे रोवणीत. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, घामाने जखमेची पट्टी ओली होते आणि अंगातले पाणी कमी होते. धान घरात आल्यावर, डिसेंबर-जानेवारीत शस्त्रक्रिया झाली, तर महत्त्वाचे तीन महिने मार्च-एप्रिलपर्यंत पार पडतात. मात्र दुखणे असह्य असेल आणि रुग्णालयाची तारीख मिळत असेल, तर केवळ हंगामासाठी ती सोडू नये. पहिले दोन आठवडे चोवीस तास आणि पुढचे चार आठवडे दिवसातला बराच वेळ घरात एक माणूस लागतो. हे काम गृहीत धरून सुनेवर किंवा लेकीवर सोडले जाते. तिची मजुरी, तिची इतर कामे कोण पाहणार हे आधीच बसून ठरवले, तर नंतर घरात कटकट होत नाही आणि रुग्णाचे व्यायामही सुटत नाहीत.

पहिल्या दोन आठवड्यांत काय होते?

भूल उतरल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकरने उभे केले जाते. ‘एवढ्या लवकर?’ असे घरच्यांना वाटते, पण पडून राहिल्याने पायाच्या रक्तवाहिन्यांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. बहुतेकांना संपूर्ण वजन टाकून उभे राहता येते. रुग्णालयातील मुक्काम साधारण तीन ते पाच दिवसांचा असतो. घरी जाताना एसटीची उंच पायरी टाळावी. मोटारीत पुढची सीट मागे सरकवून बसावे आणि प्रवासात घोटे वर-खाली हलवत राहावे.

या काळात दुखते, आणि ते सांगायला हवे. ‘सहन करेन’ म्हणून वेदनाशामक टाळले की व्यायाम होत नाहीत आणि व्यायाम झाले नाहीत की गुडघा आखडतो. गोळ्या दिलेल्या वेळेला घ्याव्यात, शक्य तर व्यायामाच्या अर्धा तास आधी. बर्फ थेट त्वचेवर न लावता कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवावा. रक्ताच्या गुठळीसाठी दिलेले औषध सांगितलेल्या दिवसापर्यंत घ्यावे.

एक चूक जवळपास प्रत्येक घरात होते. आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवली जाते. त्या स्थितीत गुडघा थोडा वाकलेलाच आखडतो आणि मग आयुष्यभर लंगडत चालावे लागू शकते. उशी ठेवायचीच तर टाचेखाली ठेवावी, म्हणजे गुडघा सरळ होतो. दोन आठवड्यांत गुडघा पूर्ण सरळ व्हावा आणि सुमारे ९० अंश, म्हणजे खुर्चीवर बसताना लागतो तितका, वाकावा हे लक्ष्य असते. टाके किंवा पिना साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर जखम कोरडी ठेवावी. हळद, तेल, राख, पालापाचोळा काहीही लावू नये. मालिशही नको.

तीन महिन्यांपर्यंतचा प्रवास कसा असतो?

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात वॉकर सुटून काठी येते. काठी शस्त्रक्रिया झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. जिना चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना शस्त्रक्रिया झालेला पाय आधी खाली. साधारण सहा आठवड्यांनी घरातली हलकी कामे, ओट्यावरचा स्वयंपाक आणि रस्त्यापर्यंत फेरी जमते. दुचाकी चालवण्याची घाई करू नये. पाय टेकवून गाडी सावरण्याची ताकद आणि डॉक्टरांची परवानगी दोन्ही हवी.

याच काळात अनेकांचा धीर सुटतो. शेजारची बाई महिन्यात चालू लागली, आपल्याला का जमत नाही, असे वाटते. रात्री झोप नीट लागत नाही, भूक मंदावते. सूज आणि गरमपणा तीन ते सहा महिने राहू शकतो. जखमेच्या बाहेरच्या बाजूला त्वचा बधिर होते, तो डाग बऱ्याचदा कायम राहतो. चालताना ‘टक्’ आवाज येतो, तो धातू आणि प्लास्टिकचा असतो. यांत घाबरण्यासारखे काही नाही. मात्र सहा आठवड्यांनीही गुडघा ९० अंशांपर्यंत वाकत नसेल, तर वाट न पाहता शल्यचिकित्सकाकडे जावे. ठरावीक काळात भूल देऊन गुडघा वाकवून मोकळा करता येतो. तो काळ निघून गेला की हे कठीण होते.

फिजिओथेरपीसाठी रोज नागपूरला जाणे मौद्यातल्या कुटुंबाला परवडणारे नाही. म्हणून रुग्णालय सोडण्याआधी फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्यावेत, घरच्या एका माणसाने ते समोर उभे राहून पाहावेत आणि मोबाइलवर चित्रित करून ठेवावेत. दर तपासणीच्या वेळी प्रगती दाखवून पुढचे व्यायाम विचारावेत. पाय ओढून-ताणून वाकवणाऱ्या कोणाच्याही हाती गुडघा देऊ नये.

कोणत्या लक्षणांत तातडीने रुग्णालय गाठावे?

जखमेतून पाणी किंवा पू येणे, लाली पसरत जाणे, थंडी वाजून ताप, कमी होत आलेले दुखणे अचानक वाढणे ही संसर्गाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी जवळच्या दुकानातून अँटिबायोटिक घेऊन सुरू करू नये. त्याने लक्षणे दबतात, जंतू कोणता हे सापडत नाही आणि सांधा वाचवण्याची वेळ निघून जाते. शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांशीच संपर्क साधावा. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली तर ती गुठळी असू शकते. अचानक दम लागणे, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त पडणे यांत एक तासही थांबू नये, १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. पडल्यानंतर पायावर वजन टाकता येत नसेल, तर एक्स-रे हवाच. पुढेही, वर्षांनंतर दात काढायचा असो वा पायात काटा मोडून पिकला असो, ‘माझा गुडघा कृत्रिम आहे’ हे डॉक्टरांना आधी सांगावे.

पुन्हा शेतात जाता येते का?

हा प्रश्न शस्त्रक्रियेआधी विचारायला हवा, कारण याच उत्तरावर अनेकांचे समाधान ठरते. चांगल्या शस्त्रक्रियेनंतर गुडघा साधारण ११० ते १२० अंश वाकतो. खुर्चीवर बसणे, जिना, बाजार, लग्नकार्य, तीन-चार किलोमीटर चालणे यांना तो पुरतो. उकिडवे बसायला आणि मांडी घालायला त्याहून बरेच अधिक वाकणे लागते. काहींना ते जमते, पण प्लास्टिकच्या चकतीवर आणि जोडांवर ताण येतो म्हणून बहुतेक शल्यचिकित्सक तसे बसू नये असेच सांगतात. ‘हाय फ्लेक्सिबिलिटी’ सांध्यातही मांडी घालता येईलच याची हमी नसते. शस्त्रक्रियेआधी गुडघा किती वाकत होता, यावर ते जास्त अवलंबून असते.

तीन-चार महिन्यांनी शेतात फेरी मारणे, बांधावरून देखरेख करणे, उभ्याने करण्याची कामे, टेबलाशी बसून निवडणे-पाखडणे शक्य होते. चिखलात रुतलेला पाय पिळून काढत करावी लागणारी रोवणी, डोक्यावर भारा घेऊन बांधावरून चालणे, उकिडवे बसून निंदण ही कामे मात्र कायमची सोडावी लागतात. ज्या घरात या बाईच्या मजुरीवर चूल पेटते, तिथे हा साधा वैद्यकीय सल्ला राहत नाही. उत्पन्नाचा एक भाग थांबणार असतो. म्हणून डॉक्टरांशी बोलताना ‘दुखणे जाईल का’ यासोबत ‘मी कोणते काम करते’ हेही सांगावे. शिलाई, दुकान, दुभती जनावरे दुसऱ्याने धुऊन आपण उंच स्टुलावर बसून करायची कामे असा पर्याय आधी शोधलेला असेल, तर पुढच्या रोवणीला मन बांधीकडे ओढले तरी पाय तिकडे वळत नाही.

नवा गुडघा किती वर्षे टिकतो?

२०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, संपूर्ण गुडघेरोपणांपैकी सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षे टिकल्याचे दिसले. त्यातील माहिती परदेशांतील नोंदींची आहे. तेथील रुग्णांची बसण्याची, कामाची पद्धत वेगळी, हे लक्षात घेऊनही साठी-पासष्टीत बसवलेला गुडघा बहुतेकांना आयुष्यभर पुरतो असे म्हणता येते. वजन वाढू न देणे, रोज चालणे, मांडीचे स्नायू बळकट ठेवणे, पडणे टाळणे आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने तपासणी व एक्स-रे करून घेणे यांनी त्याचे आयुष्य वाढते.

दुसरी बाजूही माहीत असावी. विविध अभ्यासांत पाचपैकी साधारण एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर पूर्ण समाधानी नसल्याचे आढळले आहे. काहींचे दुखणे राहते, काहींचा गुडघा आखडतो, तर काहींनी अपेक्षाच वेगळी धरलेली असते. दुखणे कमी होऊन स्वतःच्या पायांनी संडासला, शेजारी आणि बाजारात जाता यावे ही अपेक्षा असेल, तर बहुतेकांची ती पूर्ण होते. गुडघा पंचविशीतला होईल ही अपेक्षा मात्र कोणताही सांधा, कोणत्याही किमतीचा असला, तरी पूर्ण करू शकत नाही.